सांद्रता म्हणजे काय? : रक्ताचा ओघ आणि भारतीय भाषांची परिभाषा

गेल्या सत्रात आमच्या अनुवादाच्या वर्गात एक चार पानी पत्रक चर्चेला आले. विषय साहित्याचा नव्हता. सिकलसेल या आनुवंशिक आजाराविषयी रुग्णाच्या कुटुंबीयांना द्यावयाची माहिती त्यात होती. मूळ मजकूर इंग्रजी होता आणि वर्गातील मराठी, हिंदी, बंगाली व तेलुगू भाषक विद्यार्थ्यांनी तो आपापल्या भाषेत आणावा, असे ठरले होते. असल्या मजकुरात तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने वेळ घालवावा काय, अशी शंका एका सहकाऱ्याने आदल्या दिवशी व्यक्त केली होती. शंका सौम्य शब्दांत होती, परंतु तिच्यामागची धारणा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे: वाङ्मय ते आपले, आणि परिभाषा ती शासनाच्या समित्यांची.

पत्रकातील एका वाक्यावर वर्ग अडला. या आजारात रक्तपेशींची संख्या कमी असूनही रक्ताची व्हिस्कॉसिटी वाढू शकते, असे ते वाक्य होते. बंगाली विद्यार्थ्याने फळ्यावर ‘सांद्रता’ हा शब्द लिहिला. त्याच्या भाषेतील पाठ्यपुस्तकांचा तोच शब्द आहे. हिंदी भाषक विद्यार्थ्याने लगेच हरकत घेतली. सांद्रता म्हणजे द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण, कॉन्सेन्ट्रेशन. शाळेतल्या रसायनशास्त्रापासून तो हेच शिकत आला होता. तेलुगू भाषक विद्यार्थिनी दोघांकडे आश्चर्याने पाहत राहिली, कारण तिच्या भाषेत सांद्रता म्हणजे घनता, वस्तुमानाला आकारमानाने भागले असता येणारी राशी. कन्नड आणि मल्याळममध्येही अर्थ हाच आहे. एकच तत्सम शब्द, लिपी बदलली तरी उच्चार जवळजवळ एकच, आणि भौतिक राशी मात्र तीन.

मराठी भाषांतर करणारी विद्यार्थिनी गडचिरोली जिल्ह्यातील होती. तिने सांद्रतेच्या वाटेला न जाता सरळ ‘रक्त घट्ट होते’ असे लिहिले होते. पण वाचून दाखवताना ती स्वतःच थांबली. “मॅडम, हे आमच्या आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणेल, रक्त घट्ट झालं म्हणजे पोराच्या अंगात रक्त आलं.” आपल्याकडे पांडुरोग्याविषयी ‘अंगात रक्त नाही’, ‘रक्ताचं पाणी झालं’ असे म्हणतात. त्या भाषेच्या व्यवहारात घट्ट रक्त हे आरोग्याचे लक्षण ठरते. म्हणजे शुद्ध, सुबोध मराठी वाक्य नेमका उलटा अर्थ घेऊन घरात शिरणार.

या प्रसंगातून जे प्रश्न उभे राहिले ते आपल्या विषयाच्या कक्षेबाहेरचे नाहीत, असे मला वाटते. किंबहुना ते आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या कक्षेत बसणे कठीण आहे.

अन्य भाषांकडे पाहिले तर चित्र अधिकच रंगतदार होते. हिंदी, गुजराती आणि मल्याळम या भाषांत व्हिस्कॉसिटीला ‘श्यानता’ म्हणतात. मराठीत श्यानता आणि विष्यंदिता असे दोन्ही शब्द शास्त्रीय लेखनात आढळतात. तेलुगू आणि कन्नडमध्ये ‘स्निग्धता’ रूढ आहे. हा शब्द जसाच्या तसा मराठी वाचकापुढे ठेवला, तर रक्तात चरबी वाढली असा त्याचा समज होईल, कारण स्निग्ध पदार्थ म्हटले की आपल्याला तूप-लोणी आठवते आणि स्निग्ध दृष्टी म्हटले की माया. तमिळने मात्र वेगळी वाट धरली. तेथे ‘पागु’ म्हणजे साखरेचा वा गुळाचा पाक या शब्दावरून ‘पागुनिलै’, पाकाची अवस्था, असा शब्द घडवला गेला. या सर्व शब्दांत शास्त्रीय काटेकोरपणा कोणात अधिक आहे, हा वाद निरर्थक आहे. व्याख्या दिल्यावर कोणताही शब्द काटेकोर होतो. पण व्याख्या वाचण्याआधी शब्द काय सांगतो, याकडे पाहिले तर तमिळ स्वयंपाकघरातील कोणालाही पागुनिलै म्हणजे काय याचा अंदाज येईल. श्यानतेविषयी हे म्हणता येणार नाही.

श्यान शब्दाची कथा तशी सुरस आहे. त्याचा धातू श्यै. धातुपाठात त्याचा अर्थ ‘गती’ असा दिला आहे. परंतु पाणिनीच्या सहाव्या अध्यायातील पहिल्या पादात, चोविसाव्या सूत्रात, या धातूला ‘द्रवमूर्ति’ या अर्थी, म्हणजे द्रवाला काठिण्य येण्याच्या अर्थी, खास कार्य सांगितले आहे आणि काशिकावृत्तीने थिजलेले तूप, वसा आणि मेद यांची उदाहरणे दिली आहेत. त्या सूत्राप्रमाणे रूप होते ते ‘शीन’. ‘श्यान’ हे रूप त्या अर्थाच्या बाहेरचे. व्याकरणाचा कडक पक्ष घ्यावयाचा तर श्यानतेऐवजी ‘शीनता’ म्हणावयास हवे. (तसे कोणी सुचवू नये अशी माझी प्रार्थना आहे.) उपसर्गासहित हा शब्द काव्यातही येतो: रघुवंशाच्या चौथ्या सर्गातील शरद्वर्णनात वाटांवरचा चिखल सुकल्याच्या संदर्भात ‘आश्यान’ आहे. ‘विष्यंदिता’ मात्र स्यन्द् या धातूपासून आलेली, आणि त्याचा अर्थ पाझरणे, वाहणे. तात्पर्य, एकाच गुणधर्मासाठी मराठीने जे दोन शब्द जवळ केले त्यांतील एक गोठण्याकडून येतो आणि दुसरा वाहण्याकडून. गुणधर्म आहे तो वाहण्यास होणाऱ्या विरोधाचा. दोन टोकांवरून येऊन दोघेही मध्येच कोठेतरी उभे आहेत.

वैशेषिकांनी ‘द्रवत्व’ हा स्वतंत्र गुण मानला, तो स्यंदनाचे कारण होय असे म्हटले, आणि त्याचे सांसिद्धिक व नैमित्तिक असे दोन भेद केले. पाण्याचे द्रवत्व स्वाभाविक. तूप आणि लाख यांचे अग्निसंयोगाने येणारे. आयुर्वेदातील वीस गुणांच्या दहा जोड्यांमध्ये सांद्र-द्रव, पिच्छिल-विशद, स्थिर-सर या जोड्या आहेत. हे सर्व वाचून आनंद होतो. परंतु येथून पुढे एक पाऊल टाकून ‘जीवद्रवांचे प्रवाहशास्त्र आपल्याकडे होतेच’ असे म्हणणारे लेख मधूनमधून दिसतात, त्यांच्याशी माझा मतभेद आहे. सूक्ष्म निरीक्षण होते, वर्गीकरण होते, त्यासाठी नेमके शब्द होते. मापन नव्हते. आणि मापनाशिवाय रक्ताविषयी जे कळले ते कळणे शक्य नव्हते.

ते काय, हे थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण त्याशिवाय अनुवादाचा पेच समजणार नाही.

पाणी, तेल यांसारख्या द्रवांची श्यानता ठरावीक तापमानाला ठरलेली असते. हळू ढवळा की जोराने, ती बदलत नाही. अशा द्रवांना न्यूटनच्या नावाने ओळखतात. रक्त त्यांतले नाही. संथ असताना ते दाट असते आणि वेगाने वाहू लागले की पातळ होते. पेशी वगळून उरणाऱ्या रक्तद्रवाची श्यानता शरीराच्या तापमानाला पाण्याच्या दुपटीहून थोडी कमी भरते. संपूर्ण रक्ताची श्यानता वेगवान प्रवाहात पाण्याच्या चार-पाच पट असते, पण प्रवाह मंदावला की ती कितीतरी पटींनी वाढते. कारण संथ रक्तात तांबड्या पेशी एकमेकींवर नाण्यांच्या चवडीसारख्या रचल्या जातात. प्रवाहाचा जोर वाढला की चवडी मोडतात आणि सुट्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन सरकू लागतात.

या शास्त्राचा आरंभ एका वैद्याने केला, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. फ्रेंच वैद्य प्वाझ्यय याला रक्ताभिसरणाचे कोडे सोडवायचे होते. त्याने १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांतून पाणी व अन्य द्रव वाहवून प्रयोग केले, कारण रक्त नळीत साकळते. त्याला आढळले की प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. रक्तासाठी सुरू झालेला हा नियम रक्ताला मात्र पूर्णपणे लागू पडत नाही. १९३१ साली स्वीडनचे फोरेअस आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवले की सुमारे ०.३ मिलिमीटरहून बारीक नळ्यांत, नळी जितकी अरुंद तितकी रक्ताची भासमान श्यानता कमी होत जाते. तांबड्या पेशी मध्यभागी सरकतात आणि भिंतीलगत पेशीविरहित द्रवाचा पातळ थर राहतो. आपल्या शरीरातील बहुतेक लहान रक्तवाहिन्यांचे काम या सवलतीवर चालते.

याच फोरेअसने एक गोष्ट अशी मांडली की जी आपल्यासारख्यांनी वाचावयास हवी. काचेच्या उभ्या भांड्यात रक्त ठेवले असता तळाशी काळपट गुठळी, तिच्यावर लाल भाग, त्यावर पांढुरका पापुद्रा आणि सर्वांत वर पिवळसर द्रव असे थर दिसतात. ग्रीक वैद्यकातील चार रसांची कल्पना या दृश्यावरून सुचली असावी, असे त्याचे मत होते. मत सर्वमान्य आहे असे नव्हे. पण प्रयोगशाळेत रक्ताच्या थरांकडे पाहणारा माणूस ग्रीक ग्रंथांपर्यंत पोहोचला. आपल्यापैकी ग्रीक ग्रंथ वाचणारे कोणी रक्ताच्या थरांपर्यंत क्वचितच जातात.

अशी उदाहरणे या शास्त्राच्या इतिहासात ठायी ठायी आहेत. पदार्थांच्या प्रवाहगुणांचा अभ्यास करणारी अमेरिकेतील संस्था १९२९ साली स्थापन झाली तेव्हा तिने बोधवाक्य घेतले ते हेराक्लिटसच्या नावावर चालत आलेले, सर्व काही वाहते या आशयाचे. १९४८ साली हॉलंडमध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘बायोरिऑलॉजी’ हा शब्द सुचवणारा आल्फ्रेड कॉप्ली हा वैद्य तर होताच, पण अल्कॉप्ली या नावाने चित्रे काढणारा अमूर्त शैलीचा चित्रकारही होता. आणि मार्कस रायनर याने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या लेखात एका राशीला डेबोरा या हिब्रू स्त्रीचे नाव दिले. शास्ते या बायबलमधील ग्रंथात तिचे विजयगीत आहे आणि त्यात ईश्वरासमोर पर्वत वाहिल्याचा उल्लेख येतो. इंग्रजी भाषांतरकारांनी १६११ साली तेथे ‘वितळणे’ हे क्रियापद योजले. रायनरचा आग्रह मूळच्या ‘वाहणे’ या अर्थाचा होता. त्याचे म्हणणे असे की पर्वतही वाहतात, परंतु ते पाहण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही. पदार्थाला सैल होण्यास लागणारा काळ आणि पाहणाऱ्याच्या हाती असलेला काळ यांचे गुणोत्तर म्हणजे डेबोरा अंक. अनुवादातील एका क्रियापदाच्या निवडीवर भौतिकशास्त्रातील एक राशी उभी आहे, हे आपण आपल्या विद्यार्थ्यांना का सांगत नाही?

आता पत्रकाकडे वळतो.

निरोगी तांबडी पेशी सुमारे आठ मायक्रोमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखी असते. तिच्यात केंद्रक नसते. पातळ पापुद्र्याच्या आत हिमोग्लोबिनचे दाट पण वाहते द्रावण असते. केशवाहिन्या पुष्कळदा तिच्याहून अरुंद असतात. तरीही ती आयुष्याचे १२० दिवस त्यांतून ये-जा करते, कारण तिला मुडपता येते, लांबता येते आणि पुन्हा मूळ आकार घेता येतो. रक्ताच्या जवळजवळ निम्मे आकारमान पेशींचे असते. इतके कठीण कण कोणत्याही द्रवात मिसळले तर तो गाऱ्यासारखा होईल. रक्त वाहते ते पेशी मऊ आहेत म्हणून. त्या रसायनांनी ताठर केल्या तर तितक्याच पेशींचे रक्त कितीतरी जड वाहते, हे प्रयोगांनी दाखवले गेले आहे.

सिकलसेलमध्ये नेमके येथेच बिघडते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू सोडला की असे रेणू एकमेकांना जोडून लांब तंतू तयार होतात आणि पेशीच्या आतला द्रव ताठ होतो. पेशी विळ्यासारखी वाकते ती त्या तंतूंमुळे. १९१० साली शिकागोच्या हेरिक या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली तो आकार पाहिला आणि आजाराला आकाराचे नाव पडले. १९४९ साली पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले, तरी नाव विळ्याचेच राहिले. हिंदीत त्यावरूनच ‘दात्र कोशिका’ असा शब्द बनला. नावाने लक्ष आकाराकडे वेधले. पीडा मात्र प्रवाहाची आहे. ताठर पेशी अरुंद वाहिनीत अडकते, भिंतीला चिकटते, मागचे रक्त तुंबते, आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. विळ्याचे चित्र दाखवून हे समजत नाही. विळा टोचतो, असे मात्र समजते, आणि तसे समजणारे रुग्ण भेटतात.

भारतात हा आजार निलगिरीच्या डोंगरांत आणि आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत १९५२ साली प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात विदर्भाचे पूर्वेकडील जिल्हे आणि नंदुरबार येथे तो विशेष आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र शासनाने याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. १७ राज्यांत, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट जाहीर झाले. या मोहिमेचे क्षेत्र म्हणजे भारतातील भाषांच्या सीमारेषांचे क्षेत्र आहे. गोंड समाज मराठी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी यांच्या मध्ये राहतो. भिल्ल-पावरा समाज मराठी, गुजराती आणि हिंदी यांच्या मध्ये. एकाच आजाराची पत्रके या भाषांतून जातात आणि एकाच घरात दोन-तीन भाषांची पत्रके पोहोचू शकतात. सांद्रतेचा घोळ तेथे वर्गातल्या गमतीचा राहत नाही.

एक उदाहरण देते. या आजारात मुलाच्या अंगात रक्त कमी असते, हे आईबापांना दिसते. मग रक्त का चढवत नाहीत, असा प्रश्न ते विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. उत्तर प्रवाहशास्त्रातले आहे. ताठर पेशी शरीरात असताना बाहेरचे रक्त फार चढवले तर एकूण पेशींचे प्रमाण वाढून रक्त जड वाहू लागते आणि अडथळा वाढतो. म्हणून डॉक्टर हिमोग्लोबिन ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ देत नाहीत. ‘पातळ’ आणि ‘घट्ट’ या दोनच शब्दांनी हे सांगू गेलात तर हाती विसंगती येते: तुमच्या मुलाचे रक्त पातळ आहे, पण ते घट्ट होऊ शकते, म्हणून आम्ही ते घट्ट करीत नाही. ऐकणाऱ्याने डॉक्टरवर अविश्वास दाखवला तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मराठीत खरोखर दोनच शब्द आहेत काय? येथे माझा रोष समित्यांवर जितका आहे त्याहून अधिक आपल्यावर आहे. १९६१ साली वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला, दौलतसिंह कोठारी त्याचे पहिले अध्यक्ष होते. संस्कृत धातूंवरून शब्द घडवावेत म्हणजे ते सर्व भारतीय भाषांत चालतील, हे धोरण होते. त्याची टर उडवणे सोपे आहे आणि गेली साठ वर्षे आपण ते हौसेने करीत आलो. पण त्या मंडळींनी अफाट काम केले, आणि मराठीतही द्रव व वायू यांना जोडून ‘द्रायू’सारखा सुटसुटीत शब्द याच प्रयत्नांतून रुळला. चूक होती ती गृहीतकात: शब्द समान असला की अर्थ समान राहील. प्रत्येक भाषेने संस्कृत शब्द आपापल्या वाटेने शतकानुशतके वाहून आणला आहे आणि वाटेत त्याचा अर्थ वळला आहे, हे तुलनात्मक भाषाभ्यासाचे पहिले पाठ जाणणारे लोक त्या बैठकांत पुरेसे नव्हते. ते आपल्या विभागांत महाकाव्यांची तुलना करीत होते.

आणि आपल्या भाषेतले शब्द तरी आपण कोठे वेचले? मराठी माणूस ‘तूप थिजते’ म्हणतो, ‘रक्त साकळते’ म्हणतो, दूध विरजते आणि रस आटतो. ही चार क्रियापदे चार वेगळ्या घटनांची आहेत. थिजणे थंडीने होते आणि ऊब लागली की परतते. साकळण्यात तंतूंचे जाळे पडते, ते ऊब देऊन उलगडत नाही. विरजणे आंबटपणाने घडते, आटणे पाणी उडून गेल्याने. एकीचे काम दुसरीला सांगून चालत नाही. पिठले पळीवाढे झाले की नाही हे पाहणारी बाई प्रवाहगुणाची जी कसोटी लावते ती तत्त्वतः प्रयोगशाळेतल्या कसोटीहून वेगळी नाही: ठरावीक साधनाने, ठरावीक कृतीत, पदार्थ कसा वागतो हे ती पाहते. धिरड्याचे पीठ सरसरीत हवे. पाक एकतारी हवा की गोळीबंद, हे बोटांत ताणून पाहावयाचे. गुऱ्हाळातला गुळव्या काकवीचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतो.

यातील ‘तार’ तर थेट वैद्यकात जाऊन पोहोचते. स्त्रीच्या गर्भाशयमुखातील श्लेष्म्याला बीजमोचनाच्या दिवसांत लांब तार सुटते आणि इतर वेळी ती तुटते. या गुणाला युरोपात सूत कातण्यावरून जर्मन नाव मिळाले आणि तेच आंतरराष्ट्रीय परिभाषेत रुळले. म्हणजे जर्मन भाषेने चरख्यावरचा शब्द दिला. आपल्याकडे कढईतला तयार आहे. इंग्लंडमधील स्कॉट ब्लेअर हा शास्त्रज्ञ दुग्धसंशोधन संस्थेत काम करीत होता. त्याने गायींच्या अशाच श्लेष्म्यावर संशोधन केले आणि त्याबरोबर चीज करणारे कारागीर केवळ हाताने दाबून घट्टपणा कसा ठरवतात, याचाही पद्धतशीर अभ्यास केला. कारागिराच्या बोटांना आणि त्याच्या शब्दांना त्याने मापनाइतकेच गांभीर्याने घेतले. तसा अभ्यास आपल्या गुळव्याचा कोणी केला असल्यास मला तो वाचावयास आवडेल.

उलट आपण काय करतो? हृदयविकाराच्या रुग्णाला ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या’ देतो. हा इंग्रजी बोलीतील शब्दप्रयोगाचा अनुवाद आहे, आणि तो इंग्रजीतही चुकीचाच आहे. त्या गोळ्या रक्ताची श्यानता कमी करीत नाहीत. त्या रक्त साकळू देत नाहीत. ‘साकळणे’ हे नेमके क्रियापद प्रत्येक आजीच्या तोंडी असताना आपण ते टाकून परकी चूक उसनी आणली. आणि मग अशक्तपणा वाटू लागलेला म्हातारा, रक्त आधीच पातळ आहे, आणखी कशाला करू, म्हणून गोळी बंद करतो. हे मी माझ्या कुटुंबात पाहिले आहे.

कोणी म्हणेल, शास्त्रीय लेखनात पळीवाढे आणि साकळणे चालणार नाहीत. तेथे श्यानता राहू द्यावी. माझी हरकत नाही. ज्या सूत्रात ती बसते तेथे तिला कोणी हलवू नये. दुसरे कोणी म्हणेल, मग सरळ व्हिस्कॉसिटी म्हणा. महाविद्यालयात म्हणावे. परंतु आजी आणि डॉक्टर यांच्यामध्ये जे वाक्य उभे राहावयाचे आहे ते या दोहोंनी होत नाही, आणि ते वाक्य घडवणे हे शुद्ध अनुवादाचे, म्हणजे आपल्या शास्त्राचे काम आहे. त्यासाठी प्रत्येक भाषेतील दाटपणाचे, वाहण्याचे, अडण्याचे शब्द शेजारी शेजारी मांडावे लागतील. कोणता शब्द सीमेपलीकडे गेल्यावर अर्थ बदलतो, हे तपासावे लागेल. एखाद्या भारतीय भाषा विभागाने दोन वर्षे एवढेच केले तरी प्रबंधांच्या आणखी एका ओळीपेक्षा ते मोलाचे होईल.

आमच्या वर्गात त्या दिवशी झाले ते एवढेच. मराठी मजकुरातून ‘घट्ट’ काढला गेला आणि बऱ्याच खाडाखोडीनंतर पुढील वाक्ये उरली: ‘या आजारात तांबड्या पेशी ताठर होतात. निरोगी पेशी बारीक वाहिनीतून अंग चोरून जाते. ताठर पेशीला अंग चोरता येत नाही. ती अडकते आणि मागचे रक्त तुंबते. अंगात रक्त कमी असले तरी ते तुंबू शकते, म्हणून रक्त चढवायचे की नाही आणि किती, हे डॉक्टर मोजून ठरवतात.’ यात विळा नाही आणि श्यानताही नाही. ‘अंग चोरणे’ कोणी सुचवले ते आता आठवत नाही. बंगाली विद्यार्थ्याने सांद्रता पुसली. तेलुगू विद्यार्थिनीने आपल्या भाषेत गर्दीच्या बोळातून वाट काढण्यासाठी काय म्हणतात ते घरी विचारून येण्याचे कबूल केले.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर गोंडीसाठी जागा सोडलेली होती आणि ती मोकळी होती. गडचिरोलीच्या विद्यार्थिनीची आजी मराठी समजते, पण बोलते माडिया. पाणी तुंबणे, पेज घट्ट होणे आणि अरुंद वाटेने निसटणे यांसाठी तिने आजीला विचारून तीन क्रियापदे मला लिहून पाठवली आहेत. त्यांतील दोन तिने स्वतः कधी वापरली नव्हती, असेही तिने खाली लिहिले आहे.